ग्राफिक्स कार्ड कुठल्या कंपनीचं घेऊ?

गालिचामुळे माझं घोडं अडलं. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रं करायच्या प्रोग्रॅममध्ये दिवाणखान्याचं एक चित्र रेंडर करत होतो, म्हणजे मॉडेलवरून पक्कं चित्र काढून घेत होतो. सोफा, पडदे, खिडकीतून येणारं तिरकं ऊन, सगळं जमलं होतं. शेवटी जमिनीवर केसाळ गालिचा टाकला आणि ब्लेंडरने निरोप दिला: सिस्टम इज आउट ऑफ जीपीयू मेमरी. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि चित्र सकाळी द्यायचं होतं. मग नेहमीचं सुरू झालं. भिंतीचं टेक्सचर, म्हणजे तिच्यावर चिकटवलेलं चित्र, अर्ध्यावर आण, लाकडाचं पाव कर, गालिचाचे केस विरळ कर. पहाटे तीनला चित्र निघालं, पण गालिचा गोणपाटासारखा दिसत होता.

ग्राफिक्स कार्ड, म्हणजे काँप्युटरचा चित्रं काढणारा भाग, होतं एनव्हिडियाच्या चिपचं जीटीएक्स १०६०, ६ जीबी मेमरीचं, २०१७ साली घेतलेलं. सात वर्षं त्याने इमानदारीने काम केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या गोणपाटानंतर ठरवलं की आता बदलायचं. आणि बदलायचं म्हटल्यावर तोंडातून पहिला प्रश्न तोच निघाला जो सगळ्यांच्या निघतो: कुठल्या कंपनीचं घेऊ?

भाच्याला विचारलं. तो गेम खेळणारा. "मामा, एनव्हिडिया घे, डोळे झाकून." विषय संपला. ऑफिसात एक लिनक्सवाला सहकारी आहे, त्याला विचारलं तर त्याने खुर्ची माझ्याकडे वळवून अर्धा तास घेतला. एएमडीचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असतो, वेगळं काही बसवावं लागत नाही, एनव्हिडियाने आपला कर्नलचा भाग खुला करायला २०२२ उजाडलं, वगैरे. सगळं खरं होतं. फक्त मी विंडोज वापरतो हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण तो रंगात आला होता.

तिसरं मत माझं स्वतःचं होतं, आणि ते सगळ्यात अडाणी होतं. माझ्या डोक्यात एका कंपनीवर फुली मारलेली होती. १०६० च्या आधीचं कार्ड त्या कंपनीचं होतं. सव्वादोन वर्षांत त्याचा पंखा घरघरायला लागला, मग थांबला, आणि एका संध्याकाळी पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन आले ते गेलेच नाहीत. वॉरंटी तीन वर्षांची, म्हणून निर्धास्तपणे कार्ड पाठवलं. उत्तर आलं की वॉरंटी बिलाच्या तारखेपासून नाही, सिरियल नंबरवरून कळणाऱ्या उत्पादनाच्या तारखेपासून मोजतो, आणि त्या हिशेबाने मुदत महिन्यापूर्वी संपली. कार्ड माझ्या हातात येण्याआधी दहा महिने गोदामात पडून होतं, त्याचा भुर्दंड मला. तेव्हापासून त्या कंपनीचा लोगो दिसला तरी मी पान उलटतो. नाव लिहीत नाही. इतक्या वर्षांनी त्यांचे नियमही बदलले असतील.

पण या रागातच पहिला गोंधळ दडलेला होता, आणि तो लक्षात यायला मला दोन-तीन संध्याकाळी लागल्या. भाचा ज्या अर्थाने 'कंपनी' म्हणत होता तो अर्थ वेगळा, आणि मी ज्या कंपनीवर रागावलो होतो ती वेगळ्याच जातीची. एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल चिप बनवतात. ती चिप घेऊन त्याभोवती सर्किट बोर्ड, वीजपुरवठ्याचे भाग, तांब्याच्या नळ्या, ॲल्युमिनियमच्या पात्या आणि पंखे लावून, खोक्यात भरून विकतात त्या कंपन्या निराळ्या. एसुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, पॅलिट, सफायर, पॉवरकलर, एक्सएफएक्स. यातल्या सफायर आणि पॉवरकलर फक्त रेडिऑनची, म्हणजे एएमडीच्या चिपची, कार्डं करतात. झोटॅक आणि पॅलिट जीफोर्सची, म्हणजे एनव्हिडियाच्या चिपची. एसुस आणि गिगाबाइट दोन्हीकडची. शिवाय आत नातीगोती आहेतच: गेनवर्ड हे नाव पॅलिटच्या घरातलं, तर झोटॅक आणि इनो३डी एकाच मालकाच्या. म्हणजे दुकानाच्या फळीवर एकमेकांशी भांडणारी दोन खोकी संध्याकाळी एकाच घरी जायची.

आता 'चिप बनवतात' म्हटलं, तेही तितकंसं खरं नाही. आखतात एवढंच. आरटीएक्स ४० मालिकेची चिप, रेडिऑन आरएक्स ७००० ची आणि इंटेलच्या पहिल्या आर्क कार्डांची, तिन्ही टीएसएमसी या एकाच कंपनीच्या कारखान्यांत छापल्या गेल्या. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो जरा नाराज झाला. लाल (एएमडी) विरुद्ध हिरवा (एनव्हिडिया) या लढाईत त्याने बरीच वर्षं घातली आहेत.

या दुहेरी ब्रँडवरून एकदा खरोखरच ठिणगी पडली होती. २०१८ च्या मार्चमध्ये एनव्हिडियाची भागीदारांसाठीची एक योजना बाहेर आली. तिच्या अटींनुसार कार्ड बनवणाऱ्या कंपनीने आपलं गेमिंगचं नाव फक्त जीफोर्सलाच द्यायचं, अशी बातमी होती. म्हणजे ज्या नावावर ग्राहकाचा विश्वास बसलाय ते नाव रेडिऑनच्या खोक्यावर दिसायचं नाही. एसुसने तर एप्रिलमध्ये आपल्या रेडिऑन कार्डांसाठी 'अरेझ' नावाचा नवा ब्रँडच जाहीर करून टाकला. आरडाओरडा एवढा झाला की मे महिन्यात एनव्हिडियाने योजना गुंडाळली, आणि अरेझ बारशातच राहिला. मला यातलं राजकारण फार कळत नाही. पण खोक्यावरच्या नावासाठी इतक्या मोठ्या कंपन्या एवढी ओढाताण करतात, तर त्या नावाचा आपल्यावर काय परिणाम होतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असणार, इतकं मात्र कळलं.

तेव्हा एका प्रश्नाचे दोन केले. आधी चिप कुणाची, आणि मग बोर्ड कुणाचा.

पहिल्याचं उत्तर माझ्या कामाने दिलं. मी ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनवर रेंडर करतो. त्यात एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांना ऑप्टिक्स नावाचा मार्ग मिळतो. प्रकाशाचा किरण कुठल्या पृष्ठभागाला कुठे आपटतो हे शोधायचं काम कार्डातल्या खास त्याच कामाच्या भागाकडे जातं. एएमडीसाठी तिथे आधी ओपनसीएल होतं. ब्लेंडर ३.० मध्ये ते काढून टाकलं आणि त्याच्या जागी एएमडीचं हिप आलं. किरणांसाठीचं खास हार्डवेअर एएमडीच्या कार्डांवर वापरायची सोय ३.६ मध्ये आली, तीही प्रायोगिक म्हणून. ब्लेंडरवाल्यांनी स्वतःच उघड ठेवलेले चाचणीचे आकडे आहेत, जगभरच्या लोकांनी आपापल्या यंत्रावर चालवून चढवलेले. ते चाळले तर गेममध्ये एकमेकांच्या खांद्याला खांदा लावणारी कार्डं इथे चांगलीच मागे-पुढे होती, आणि एनव्हिडिया पुढे.

मी नुसते गेम खेळत असतो तर हे इतकं सरळ नसतं. त्या किमतीच्या पट्ट्यातल्या रेडिऑन कार्डांत मेमरी सढळ हाताने दिलेली होती, आणि नुसती चित्रं भराभर पडद्यावर आणायची असतील तर एएमडीचं पारडं बऱ्याचदा जड होतं. माझ्या जागी भाचा असता तर मी त्याला डोळे उघडायला सांगितलं असतं. पूर्वी एक मॉनिटरचंही बंधन असायचं. पडद्याचा वेग कार्डाशी जुळवून घेण्याच्या दोन पद्धती होत्या: फ्रीसिंकचा मॉनिटर घेतला की माणूस एएमडीला बांधला गेला, जीसिंकचा घेतला की एनव्हिडियाला. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरमधून फ्रीसिंकवाल्या मॉनिटरांना दार उघडलं, त्यामुळे माझ्या मॉनिटरचा या निवडीशी संबंध उरला नव्हता.

इंटेलच्या आर्कचा मोह मात्र झाला. नवखा खेळाडू, मेमरी भरपूर, आणि मला थोडं उलट्या दिशेने पोहायला आवडतं. पण आर्कला रिसायझेबल बार ही सोय चालू लागतेच, नाहीतर कार्ड अर्धवट झोपेत चालल्यासारखं चालतं. प्रोसेसर कार्डाच्या मेमरीकडे एरवी २५६ एमबीच्या खिडकीतून बघतो, या सोयीने त्याला सगळी मेमरी एकदम दिसते. माझा मदरबोर्ड बी४५०, प्रोसेसर रायझन ५ ३६००. बायोस, म्हणजे मदरबोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, नवं घातलं की ही सोय मिळते असं वाचलं होतं. घातलं, ती मिळालीही. तिच्यासाठी जुन्या पद्धतीने काँप्युटर सुरू करू देणारी सीएसएम नावाची सोय बंद करावी लागते, ती बंद केली, आणि काँप्युटर विंडोजपर्यंत पोहोचेचना. काळा पडदा, वर डावीकडे उघडझाप करणारी एक रेघ. पोटात गोळा आला.

कारण साधं निघालं. माझी विंडोज कधीकाळी एमबीआर या जुन्या पद्धतीने आखलेल्या डिस्कवर घातलेली होती आणि सीएसएमशिवाय ती सुरू होत नाही. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं एक हत्यार असतं, ते डेटा न पुसता डिस्कची पद्धत बदलून देतं. आधी सगळ्याची प्रत काढली, मग देवाचं नाव घेऊन कमांड चालवली. दहा सेकंदांत झालं. त्या दहा सेकंदांसाठी दीड रात्र गेली होती. आर्कचा मोह त्या दीड रात्रीत ओसरला. त्यात आर्कचा दोष काही नाही. माझ्याकडचा उत्साह संपला, बस. सोय मात्र चालू राहिली आणि ती आरटीएक्स कार्डालाही उपयोगी पडते, तेव्हा श्रम अगदीच वाया गेले नाहीत.

चिप ठरली तरी नावांच्या चक्रव्यूहातून बाहेर पडायचं होतंच. यात मी पूर्वी एकदा थोडक्यात वाचलोय. १०६० घेताना ३ जीबी आणि ६ जीबी असे दोन प्रकार होते. मला वाटलं, फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात ३ जीबीवाल्यात गणनेचे कोअरही कमी होते, १२८० ऐवजी ११५२. नाव तेच, चिप छाटलेली. आरटीएक्स ३०६० चंही तसंच: आधी १२ जीबीचं आलं, नंतर त्याच नावाने ८ जीबीचं, आणि त्यात मेमरीचा रस्ता १९२ बिटांवरून १२८ वर आणलेला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव वाचून भागत नाही. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायला आता मी चष्मा लावतो.

माझ्यापुढे दोन उरले. आरटीएक्स ४०७०, १२ जीबी, रस्ता १९२ बिटांचा. आणि आरटीएक्स ४०६० टीआय, १६ जीबी, रस्ता १२८ चाच. दुसऱ्याला समीक्षकांनी झोडपलेलं, आणि गेमपुरतं ते योग्यही आहे. हे कार्ड मदरबोर्डाच्या सोळा वाहिन्यांपैकी आठच वापरतं, माझा बोर्ड तिसऱ्या पिढीचा, म्हणजे वाहतूक आणखी अर्ध्यावर. पण रेंडरमध्ये देखावा एकदा कार्डात चढला की काम आतल्या आत चालतं, वाहतूक फारशी लागत नाही. देखावा आत मावला पाहिजे, हीच अट, आणि माझं दुखणंही तेच. गालिचा आठवला. १६ जीबी.

शिवाय एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. माझा ५५० वॅटचा. ४०७० चं कार्ड २०० वॅट खातं आणि एनव्हिडिया त्याच्यासोबत ६५० चा पुरवठा सुचवते. ४०६० टीआय १६५ वॅटवर भागवतं आणि ५५० पुरतो. गणितही सोपं आहे: स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, आठ पिनांच्या एका केबलमधून १५०, बेरीज २२५. एकच केबल जोडायची. २०२२ च्या ऑक्टोबरात आरटीएक्स ४०९० चे सोळा पिनांचे कनेक्टर वितळल्याचे फोटो पाहिल्यापासून मला जुन्या जाडजूड आठ पिनांबद्दल उगाच माया वाटते. ४०९० कुठे आणि माझं कार्ड कुठे, पण माया ती माया.

आणि मग दुसरा प्रश्न आला, बोर्ड कुणाचा. खरं तर इथेच वेळ जायला नको होता आणि इथेच सगळ्यात जास्त गेला.

एकाच चिपची वीस-बावीस कार्डं समोर मांडली की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो 'ओसी' हा शिक्का. म्हणजे कारखान्यातूनच थोडं वेगात पळायला शिकवलेलं. ४०६० टीआयचा एनव्हिडियाने ठरवलेला बूस्ट वेग २५३५ मेगाहर्ट्झ. ओसीवाल्यांचा बघितला तर साठ-सत्तर मेगाहर्ट्झने जास्त. टक्क्यांत काढलं तर अडीचच्या आसपास. सहा मिनिटांच्या रेंडरमध्ये नऊ सेकंद. ते मी जांभई देण्यात घालवतो. एवढ्यावरून मी ओसी हा रकानाच खोडला, तेव्हा भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मामा, पण ओसी म्हणजे त्यांनी चांगल्या चिप निवडून लावलेल्या असतात ना?" वरच्या मॉडेलांत कुणी निवडतही असेल. खालच्यांत तो शिक्का आहे.

मग लक्षात आलं की ज्याला आपण ब्रँडमधला फरक म्हणतो तो बऱ्याचदा एकाच ब्रँडच्या मजल्यांमधला असतो. एसुसचं ड्युअल, टफ आणि स्ट्रिक्स. एमएसआयचं व्हेंटस आणि गेमिंग एक्स. पॉवरकलरचं फायटर आणि रेड डेव्हिल. तळमजला आणि वरचा मजला यांच्यात उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या कमी-जास्त, पंख्यांचे बेअरिंग वेगळे, मागची पट्टी प्लास्टिकची की धातूची, बायोस एक की दोन. तेव्हा 'अमुक कंपनीची कार्डं गरम होतात' असं कुणी म्हणालं की मी आता विचारतो, कुठलं मॉडेल? आणि समीक्षा वाचताना तापमानाचा आकडा एकटा बघत नाही. पंखा किंचाळवून कुठलंही कार्ड थंड ठेवता येतं. तापमान आणि आवाज शेजारी-शेजारी ठेवले की कूलर खरा किती मोठा आहे ते कळतं.

वॉरंटीच्या बाबतीत मात्र मी दुधाने तोंड पोळलेला माणूस. प्रत्येक उमेदवाराचे नियम बसून वाचले. किती वर्षं, हे शेवटचं. आधी, कुठल्या तारखेपासून मोजतात: बिलाच्या की सिरियल नंबरच्या. मग, दुरुस्तीला द्यायचं कुठे, विकणाऱ्याकडे की थेट कंपनीच्या सेवाकेंद्रात. कार्ड दुसऱ्याला विकलं तर वॉरंटी त्याच्याबरोबर जाते का. ऑनलाइन नोंदणी केली तर मुदत वाढते का, आणि किती दिवसांत करावी लागते. दोन कंपन्या इथेच गळाल्या, कारण त्यांच्या पानावर मोजणीच्या तारखेबद्दल सरळ वाक्यच सापडलं नाही. कंपनीच उरली नाही तर काय, असाही एक विचार डोकावून गेला. ईव्हीजीए हे या धंद्यातलं वॉरंटीसाठी नावाजलेलं नाव. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आम्ही ग्राफिक्स कार्डं करणं थांबवतोय. आधी विकलेल्या कार्डांची वॉरंटी पाळू म्हणाले, पण ज्यांची निष्ठा त्या नावावर होती ते उघड्यावर पडलेच.

याच दरम्यान १०६० चा डावा पंखाही कुरकुरायला लागला. धूळ काढावी म्हणून कार्ड बाहेर काढलं, चार स्क्रू सोडवून पंख्यांची चौकट वेगळी केली. पंख्याच्या पाठीमागे मधोमध एक गोल स्टिकर असतो, त्यावर व्होल्ट, अँपिअर, मॉडेलचा नंबर आणि बनवणाऱ्याचं नाव. हे नाव कार्डाच्या कंपनीचं नव्हतं. ओळखीचंही वाटेना. पण कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं, आणि रात्री आडवा झाल्यावर आठवलं. उठलो. ते जुनं बंद पडलेलं कार्ड, मी ज्यावर फुली मारली होती त्या कंपनीचं, खालच्या ड्रॉवरमध्ये वायरींच्या गुंत्याखाली अजून होतं. त्याचा पंखा फिरवून पाठ पाहिली. तेच नाव, तसाच स्टिकर, मॉडेलचा शेवटचा आकडा तेवढा वेगळा.

दोन कंपन्यांची दोन कार्डं मांडीवर घेऊन मी रात्री बारा वाजता पंखे फिरवत बसलो होतो. एकीवर मी सात वर्षं खूश होतो, दुसरीचं नाव घेत नव्हतो, आणि दोन्हीकडे कुरकुरणारा तुकडा एकाच पेढीवरून आलेला. वॉरंटीची तक्रार अर्थातच त्या कंपनीचीच होती, ती मी सोडलेली नाही. पण पंख्याचा राग मी चुकीच्या पत्त्यावर पाठवत होतो. त्या रात्री ती फुली पुसली. तिच्या नव्या नियमांत मोजणी बिलापासून होते हेही तपासून घेतलं, आणि तिचं तीन पंख्यांचं एक मॉडेल यादीत घेतलं. आवाजाच्या बाबतीत समीक्षांत तेच सगळ्यांत पुढे होतं.

आता उरलं होतं कॅबिनेट. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कार्डासाठी ३३० मिलिमीटर जागा लिहिलेली. मी निवांत होतो. पण समोरच्या बाजूला मी नंतर आतून दोन पंखे लावलेत, ते २५ मिलिमीटर जाड, आणि त्यांच्या मागे हार्डडिस्कचा पिंजरा थोडा पुढे आलेला. टेपने मोजायला गेलो तर टेप कशाला ना कशाला आडवी होते, वाकते. शेवटी पुठ्ठा घेतला. नव्या मॉनिटरच्या खोक्याचा, चांगला जाड. तिन्ही उमेदवारांची लांबी, उंची, जाडी लिहून घेऊन तीन पुठ्ठ्याची कार्डं कापली, कडा चिकटपट्टीने जोडल्या आणि एकेक करून स्लॉटच्या जागी धरून पाहिलं.

हा प्रयोग मी कुणालाही आनंदाने सुचवीन. माहितीपत्रकात न दिसणाऱ्या गोष्टी पुठ्ठा दोन मिनिटांत दाखवतो. पहिलं, लांबी. दुसरं, जाडी: तीन स्लॉट व्यापणारं कार्ड माझ्या वायफायच्या कार्डावर येऊन बसत होतं. तिसरं, विजेची केबल. ती कार्डाच्या वरच्या कडेला लागते आणि तिथून वळून मागे जायला बोटाएवढी तरी जागा लागते, नाहीतर बाजूची काच बंद होत नाही. तीन पंख्यांचं पुठ्ठ्याचं कार्ड पिंजऱ्याला अडकलं. मोजलं, ११ मिलिमीटर. पिंजरा काढता येईल का म्हणून पाहिलं, तो रिव्हेटने ठोकलेला. इतक्या वर्षांचा राग गिळून मी ज्या कंपनीकडे परत निघालो होतो ती अकरा मिलिमीटरने हुकली.

राहिलं ते दोन पंख्यांचं, दोन स्लॉटचं, साधं काळं मॉडेल. दिवे नाहीत. थोडं गरम चालतं, पण १६५ वॅटला तेवढा कूलर पुरतो, भार नसताना पंखे पूर्ण थांबतात, आणि नियमांत बिलाची तारीख स्पष्ट लिहिलेली. नाव सांगत नाही, कारण त्याच कंपनीचं त्याच चिपचं आणखी स्वस्त मॉडेल मी आवाजामुळे आधीच नाकारलेलं आहे. नाव सांगितलं की लोक तेच लक्षात ठेवतात आणि नेमकं ते दुसरं उचलतात.

बसवायच्या दिवशी भाचा आला होता. जुना ड्रायव्हर डीडीयू नावाच्या सफाईच्या प्रोग्रॅमने सेफ मोडमध्ये जाऊन पुसला. चिपची कंपनी तीच असल्याने इतकं सोवळं पाळायची गरज नव्हती, पण सवय. कार्ड स्लॉटमध्ये 'टक्' करून बसलं, केबल लागली, काच बंद झाली. चालू केलं आणि दुसरा मॉनिटर काळाच. दहा मिनिटं आम्ही केबल हलवून पाहिल्या, भाच्याने तर "डीओए आलं बहुतेक" (म्हणजे खोक्यातूनच बंद) म्हणून निदानही करून टाकलं. मग मला दिसलं की दुसऱ्या मॉनिटरची केबल कुठे लावलेलीच नाही. ती डीव्हीआयची होती. १०६० ला डीव्हीआयचं तोंड होतं, नव्या कार्डाला तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय. वीस कार्डांची कुंडली मांडली आणि मागची भोकं मोजली नाहीत. एचडीएमआयचं डीव्हीआय करणारा छोटा अडॅप्टर मागवला, तो येईपर्यंत तीन दिवस एकाच पडद्यावर काम केलं.

पहिला रेंडर गालिचाचाच लावला. टेक्सचर सगळी मूळ आकाराची, केस पूर्ण घनदाट. मेमरी नऊ जीबीच्या पुढे गेली आणि तिथे थांबली. जुन्या कार्डावर काटछाट केलेलं चित्र एकेचाळीस मिनिटं घ्यायचं, हे न छाटलेलं साडेसहा मिनिटांत निघालं. रेंडर चालू असताना कान लावला तर बारीक शीळ ऐकू येते, कॉइलची, म्हणजे कार्डावरच्या तारेच्या वेटोळ्यांची. त्याची वॉरंटी कुणी देत नाही. बाजूची काच लावली की ती ऐकू येत नाही.

बिलाचा आणि सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल केलाय. १०६० चा पंखा बदलून ते भाच्याला दिलं. पुठ्ठ्याची तिन्ही कार्डं टेबलाखाली पडली होती, ती टाकायला काढली तेव्हा पाहिलं, एकावर त्याने जाड पेनाने 'ओसी' लिहून ठेवलंय.